कैद्याची निराशा आणि बाहेरची माणसे

मागच्या शाबान महिन्यातील गोष्ट आहे. असरची नमाज आटोपून मी मशिदीच्या पायऱ्या उतरत होतो. खाली आमच्या मोहल्ल्यातील एक चाची डोक्यावरचा पदर सावरीत उभ्या होत्या. त्यांचा मुलगा चौदा महिन्यांपासून तुरुंगात होता. खटला अद्याप उभा राहिलेला नव्हता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मौलाना, पोरानं आत स्वतःच्याच हाताला जखमा करून घेतल्यात. त्याची नमाज कबूल होईल का?"

मी जे उत्तर दिले ते आज लिहितानाही संकोच वाटतो. आत्महत्या करणाऱ्याविषयी हदीसमध्ये जे कठोर इशारे आहेत, ते मी तिथल्या तिथे, पायरीवर उभ्या उभ्याच त्यांना ऐकवले. देह ही अल्लाहची अमानत आहे, तिच्यात खयानत करणे हराम आहे, मुलाला समज द्या, असे सांगितले. चाचींनी सर्व ऐकून घेतले, "बरं मौलाना" म्हणाल्या आणि निघून गेल्या. रात्री इशाची नमाज पढवून घरी आल्यावर माझ्या ध्यानात आले की त्यांनी मला अजाबविषयी विचारलेच नव्हते. त्यांनी नमाजविषयी विचारले होते. म्हणजे तो मुलगा जखमी हातांनी आत नमाज पढत होता. आईला चिंता होती ती त्याच्या नमाजची, आणि मी मात्र त्याला जहन्नमच्या वाटेवर उभा करून मोकळा झालो होतो.

मी सांगितलेला एकही शब्द शरियतच्या विरुद्ध नव्हता, आणि तरीही ते उत्तर चुकीचे होते. हे कसे घडते, याचा विचार मी तेव्हापासून करीत आहे. वाचक बंधुभगिनींसमोर तो ठेवण्याचे कारण असे की हा प्रश्न एकट्या चाचींचा नाही. आपल्या कोल्हापुरात दोन तुरुंग आहेत. कळंब्याचे मध्यवर्ती कारागृह शहराच्या दक्षिण टोकाला आहे, पण बिंदू चौकातील उपकारागृह तर जुन्या तटबंदीला लागून, ऐन वस्तीत आहे. बाजाराला जाताना आपण रोज त्या भिंतीच्या कडेने जातो. आत कोणी आपला असेल तर मान खाली घालून जातो, नसेल तर तिकडे पाहतही नाही.

प्रथम आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांपैकी तिघांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. त्या एका वर्षात तुरुंगांत झालेल्या अनैसर्गिक मृत्यूंची संख्या १५९ होती आणि त्यांपैकी ११९ आत्महत्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती अमिताव रॉय समितीने २०१७ ते २०२१ या पाच वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा ८१७ अनैसर्गिक मृत्यूंपैकी ६६० आत्महत्या निघाल्या. ही मोजदाद मरण पावलेल्यांची आहे. चाचींच्या मुलासारखे ज्यांनी स्वतःला इजा करून घेतली आणि जे वाचले, ते या तक्त्यात कोठेच दिसत नाहीत.

ही इजा माणूस का करून घेतो? आपल्याकडे याची दोन उत्तरे तयार असतात. पहिले, "नाटक करतो आहे." दुसरे, "इमान कमजोर आहे." मनोविकारतज्ज्ञांचे संशोधन वाचल्यावर ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटू लागतात. स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येकाला मरायचे असते असे नाही. पुष्कळांच्या बाबतीत आतला ताण इतका वाढलेला असतो की शरीराची वेदना ही मनाच्या वेदनेवरची क्षणभराची सुटका ठरते. कोणी आतून इतका बधिर झालेला असतो की आपण जिवंत आहोत याची खूण त्याला हवी असते. जे दुःख शब्दांत सांगता येत नाही, ते कोणी देहावर उमटवतो. आणि ज्याच्या हाती कधी उठायचे, कधी जेवायचे, दिवा कधी विझवायचा यांपैकी काहीच उरलेले नाही, त्याला स्वतःचा देह तेवढाच आपल्या ताब्यात आहे असे वाटू लागते. नाटक म्हणून ज्याची हेटाळणी होते, त्याच्या बाबतीत धोका कमी नसतो. ज्यांनी एकदा स्वतःला इजा केली, त्यांच्यात पुढे तुरुंगातच आत्महत्या होण्याचे प्रमाण इतर कैद्यांहून बरेच अधिक आढळते.

'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात २०२० मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. २० देशांतील ३५ अभ्यास आणि साडेसहा लाखांहून अधिक कैदी त्यात विचारात घेतले होते. कोणत्या कैद्याला धोका अधिक, हा प्रश्न होता. ज्याच्या मनात पूर्वी मरणाचे विचार येऊन गेले आहेत, ज्याने आधी स्वतःला इजा केली आहे, ज्याला तीव्र नैराश्याचा आजार आहे, ज्याच्या भावना क्षणात उसळतात आणि त्यांना आवर घालणे ज्याला जमत नाही, असे लोक त्यात अग्रभागी होते. हे सर्व त्या माणसाच्या आतले झाले. परंतु याच आढाव्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि माझी नजर तिच्यावर खिळली. एकांत कोठडीत ठेवलेल्या कैद्यांत स्वतःला इजा करण्याची शक्यता साडेपाच पटींच्या आसपास दिसली. तुरुंगात ज्यांना मारहाण वा अत्याचार सोसावा लागला, त्यांच्यात ती तिपटीच्या घरात होती. त्या मानाने वय किती, शिक्षण किती, गुन्हा कोणता, यांचा संबंध क्षीण होता. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात तुरुंगातील आत्महत्यांचा आढावा आला. ज्याला भेटायला कोणी येत नाही, त्याच्यात धोका जवळजवळ दुप्पट, असे त्यात दिसले. ज्याचा निकाल लागलेला नाही अशा कैद्याचे नावही त्या धोक्याच्या यादीत आहे.

म्हणजे धोक्याची काही कारणे कैद्याच्या मनात असतात, आणि काही बाहेरच्या माणसांच्या वागण्यात. मी चाचींना उत्तर दिले तेव्हा फक्त पहिल्या भागाकडे पाहत होतो.

आता दीनकडे वळू. जीव स्वतःच्या हाताने संपवू नये, असा स्पष्ट आदेश पवित्र कुरआनच्या सूरह निसामध्ये आहे, आणि ती आयत अल्लाहच्या दयाळूपणाच्या उल्लेखावर संपते. आपण मनाईचा भाग सांगतो आणि शेवट गाळतो. हदीसमधील इशारेही खरेच आहेत. त्यांना सौम्य करण्याचा अधिकार मला नाही आणि तशी इच्छाही नाही. "हराम आहे" या एकाच जाणिवेने हात थांबला, असे सांगणारी माणसे मला भेटली आहेत. परंतु इशारा हे विहिरीचे कठडे आहे. माणूस पडण्याआधी ते बांधायचे असते. जो पडला आहे, त्याला वरून कठडे दाखवून काय उपयोग? त्याला दोर हवा असतो. ज्याने आधीच मनाशी ठरवले आहे की आपण जहन्नमी आहोत, आपली तौबा आता कोण ऐकणार, त्याच्यावर तोच इशारा पुन्हा फेकला तर तो थांबण्याऐवजी आणखी खोल जाण्याचाच संभव अधिक.

सहीह मुस्लिममध्ये, किताबुल ईमानमध्ये, एक हदीस आहे. मदरशात ती मी शिकलो होतो, परीक्षेत तिच्यावर लिहिलेही होते. त्या दिवशी पायरीवर ती मला आठवली नाही. हजरत तुफैल बिन अम्र दौसी (रजि.) हिजरत करून मदिनेला आले, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांच्या कबील्यातील एक मनुष्यही आला. मदिनेची हवा त्याला मानवली नाही. तो आजारी पडला, त्याचा धीर सुटला, त्याने स्वतःच्या हातांना इजा केली आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. पुढे तुफैल (रजि.) यांनी त्याला स्वप्नात पाहिले. त्याची अवस्था चांगली होती, फक्त हात झाकलेले होते. रबने तुझ्याशी कसा व्यवहार केला, असे विचारल्यावर तो म्हणाला की प्रेषितांकडे केलेल्या हिजरतमुळे मला क्षमा मिळाली. आणि हात? तू जे बिघडवलेस ते आम्ही दुरुस्त करणार नाही, असे मला सांगण्यात आले, असे त्याने उत्तर दिले. तुफैल (रजि.) यांनी हे स्वप्न प्रेषित मुहम्मद (स.) यांना सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) अल्लाहकडे दुआ केली की त्याच्या हातांनाही क्षमा कर.

इमाम नववी (रह.) यांच्या शरहमध्ये ही हदीस ज्या प्रकरणात येते, त्याचे शीर्षकच असे आहे की स्वतःचा जीव घेणारा काफिर होत नाही, याचा पुरावा. फिक्हच्या अंगाने ते महत्त्वाचे आहेच. हनफी मसलकचा फतवाही असाच आहे की अशा मृताला गुस्ल दिले जाईल आणि त्याची जनाजाची नमाज पढली जाईल. अजूनही काही गावांत "जनाजा पढायचा की नाही" यावर मयतीच्या दारात वाद घातला जातो, आणि तोही मृताच्या आईच्या कानावर पडेल अशा आवाजात. म्हणून हे येथे नमूद करतो.

पण मला त्या हदीसची मांडणी वेगळ्या कारणाने थांबवून ठेवते. निवेदन करणारे हजरत जाबिर (रजि.) त्या माणसाच्या हातापाशी येण्याआधी तीन गोष्टी सांगतात. तो आपला मुलूख सोडून आला होता, नव्या गावाची हवा त्याला बाधली होती, तो आजारी होता. कृत्य नंतर येते, आधी परिस्थिती येते. आज संशोधक ज्याला धोक्याचे घटक म्हणतात, त्यांची नोंद या निवेदनात कृत्याच्या आधी झालेली आहे. चुकीला चूकच म्हटले आहे, हात झाकलेलेच राहिले आहेत. तरीही ते ऐकल्यावर प्रेषितांच्या (स.) मुखातून निंदा निघाली नाही, त्या हातांसाठी दुआ निघाली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. प्रत्येक कृत्याला आजार वा परिस्थिती कारण म्हणून लावली, तर माणसाची जबाबदारी कोठे उरते? शरियतने जबाबदारीला, म्हणजे तकलीफला, अट घातली आहे ती शुद्धीची. झोपलेला, अल्पवयीन आणि बुद्धी ठिकाणावर नसलेला, या तिघांच्या कर्मांची नोंद होत नाही, असे हदीसमध्ये आहे. पण निराश झालेला प्रत्येक कैदी वेडा नसतो. तो विचार करू शकतो, नमाज पढतो, आईला निरोप पाठवतो. तो पूर्ण मोकळाही नाही आणि पूर्ण बांधलेलाही नाही. कोणत्या क्षणी त्याच्या इराद्यावर आजाराने मात केली, हे डॉक्टरही अंदाजाने सांगतील, मग माझ्यासारख्या इमामाने ते ठामपणे सांगणे म्हणजे अल्लाहच्या ज्ञानात हात घालणे होय. त्याच्या जबाबदारीचे माप त्याच्या रबकडे आहे. माझ्या जबाबदारीचे माप मात्र मला बऱ्यापैकी ठाऊक असते. तेव्हा त्याचे मोजण्यात वेळ घालवून स्वतःचे न मोजणे, ही युक्ती आपण ओळखली पाहिजे.

देशाचा कायदाही आता या अंगाने विचार करू लागला आहे. एके काळी आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावरच गुन्हा दाखल होई. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले, आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले. राज्यातील किमान एका तुरुंगात मानसिक उपचारांची व्यवस्था असावी, असेही त्यात आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने जून २०२३ मध्ये कैद्यांच्या आत्मइजेविषयी सर्व राज्यांना स्वतंत्र सूचना पाठवल्या. त्यांत कैदी आत येतानाच त्याच्या मनाचीही तपासणी व्हावी, आणि कैद्यांतीलच काहींना शिकवून सोबत्यांवर लक्ष ठेवण्यास तयार करावे, असे सुचवले आहे.

ही दुसरी सूचना वाचताना मला हजरत युसुफ (अ.) आठवले. दोन सोबती कैदी आपली स्वप्ने घेऊन त्यांच्याकडेच का आले? कारण हा मनुष्य भला आहे, हे त्यांनी आत राहून पाहिले होते, असे कुरआन सांगते. तुरुंगात कोणापाशी तरी आपले स्वप्न सांगता येणे, ही लहान गोष्ट नव्हे. माझ्या बी.ए.च्या दिवसांत साने गुरुजींची 'श्यामची आई' अभ्यासाला नसतानाही वाचली होती. ती त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पुढे 'इस्लामी संस्कृती' लिहिणारेही तेच. तुरुंगाच्या चार भिंतींत त्या माणसाला लिहावेसे वाटले ते आईविषयी.

युसुफ (अ.) यांच्या कथेतील एक भाग आपण घाईने वाचून पुढे जातो. सुटून जाणाऱ्या सोबत्याला त्यांनी विनंती केली की आपल्या मालकापाशी माझा उल्लेख कर. तो सुटला आणि विसरला. त्या विसरण्यामुळे पैगंबर आणखी काही वर्षे आत राहिले. त्या बाहेरच्या माणसाने छळ केला नाही, खोटी साक्ष दिली नाही. तो फक्त विसरला. आपल्याकडील किती कच्चे कैदी अशाच एखाद्या विसरण्यामुळे आत आहेत? जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीन राहायला माणूस नसतो. वकील दिलेला असतो, पण त्याच्याकडे कागद पोहोचवणारा कोणी नसतो.

आणि हजरत याकूब (अ.). मुलाच्या विरहात रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले, तरी कुरआनने त्यांच्या सब्रला सुंदर म्हटले आहे. दुःख करणे म्हणजे बेसब्री, ही आपली समजूत येथेच मोडून पडते. अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका, हा आदेश आपण कैद्याला, आजाऱ्याला, कर्जबाजाऱ्याला नेहमी ऐकवतो. सूरह युसुफमध्ये तो कोणाला दिला गेला, ते पाहावे. याकूब (अ.) यांनी तो आपल्या मुलांना दिला. म्हणजे मोकळे फिरणाऱ्यांना, ज्यांनी भावाला विहिरीत टाकले होते त्यांनाच. आणि त्याच वाक्यात आधी सांगितले की जा, युसुफचा आणि त्याच्या भावाचा तपास करा. निराश होऊ नका हे शब्द त्यानंतर येतात. आपण तपास करायला जात नाही, आणि जो आत बसला आहे त्याला मात्र निराश होऊ नकोस म्हणून सांगतो.

काही कैद्यांच्या मनात आणखी एक गोष्ट असते, आणि धार्मिक घरांतल्या मुलांत ती विशेष आढळते. आपण केलेल्या गुन्ह्याची शिक्षा आपणच आपल्याला देत आहोत, वेदना सोसली की पाप धुतले जाईल, असे त्यांना वाटते. तौबाच्या अटी मी मदरशात पाठ केल्या आहेत. पश्चात्ताप, ते पाप सोडणे, पुन्हा न करण्याचा निश्चय, आणि कोणाचा हक्क मारला असेल तर तो परत करणे. देहाला इजा करणे त्यात कोठेही नाही. दोन मुलांच्या खांद्यांवर रेलत पायी चालण्याचा नवस फेडणारा एक वृद्ध प्रेषितांनी (स.) पाहिला, तेव्हा या माणसाने स्वतःला असे छळण्याची अल्लाहला गरज नाही, असे सांगून त्याला वाहनावर बसण्यास फर्मावले. आणखी एकाने उन्हात उभे राहण्याचा, न बोलण्याचा आणि रोजा ठेवण्याचा नवस केला होता. त्याला सावलीत बसायला, बोलायला सांगितले आणि रोजा तेवढा पूर्ण करायला सांगितला. कैद्याला भेटणाऱ्या बापाने वा भावाने या दोन गोष्टी त्याला जरूर सांगाव्यात. माझ्या मते त्या भीतीच्या दहा तकरीरींहून अधिक उपयोगी आहेत.

पूर्वसूरींनी तुरुंगाकडे कसे पाहिले, हेही सांगण्यासारखे आहे. इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः खलीफा मन्सूरच्या कैदेत होते, आणि बहुतेक चरित्रकारांच्या मते १५० हिजरीमध्ये त्यांचा अंत कैदेतच झाला. त्यांचे शिष्य काजी अबू यूसुफ (रह.) यांनी खलीफा हारून रशीदसाठी 'किताबुल खराज' लिहिली. ती खरे तर महसुलाची पोथी. तरीही त्यांनी तिच्यात कैद्यांसाठी जागा काढली. कैद्यांना अन्न आणि ऋतूप्रमाणे कपडे बैतुलमालमधून मिळावेत, साखळदंडांत बांधून त्यांना भीक मागायला बाहेर काढणे बंद व्हावे, बेवारस कैदी मरण पावला तर त्याचे कफन-दफन सरकारी खर्चाने व्हावे, आणि कैद्यांच्या प्रकरणांची सतत तपासणी होऊन ज्यांचे कारण उरले नाही त्यांना सोडावे, असे त्यांनी खलिफाला बजावले. उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांचा एक आदेशही त्यांनी नोंदवला आहे की कोणत्याही कैद्याला अशा बेड्या घालू नयेत की त्याला उभे राहून नमाज पढता येणार नाही. बाराशे वर्षांपूर्वी महसुलाच्या ग्रंथात ज्याला जागा होती, त्या विषयाला आपल्या जुम्याच्या बयानात जागा नाही. मी स्वतः दहा वर्षे बयान करतो आहे, आणि या शाबानपर्यंत त्यावर एक शब्द बोललो नव्हतो.

आपल्या भागालाही याचे संस्कार आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची हजेरी बंद केली आणि त्या लोकांना आपल्या पदरी कामे दिली. शेजारच्या आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर औंध संस्थानच्या काळात उभे राहिले. आपल्याच कोल्हापूरचे व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला, तो त्याच प्रयोगावरून. तेथे कैदी कुटुंबासह राहतात. संशोधकांनी कित्येक वर्षांनी आकड्यांत मांडलेली गोष्ट त्या माळरानावर आधीच कोणाला तरी उमगली होती, की माणसाला त्याच्या माणसांपासून पूर्ण तोडू नये.

आपल्या समाजाबद्दल थोडे कडू बोलतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०११-१२ च्या सुमारास राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी महाराष्ट्रातील मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. तुरुंगातील आपले प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा खूप अधिक आहे, आणि त्यांतील बहुतेकांचा कोणत्याही टोळीशी संबंध नाही, असे त्यात दिसले. याची राजकीय आणि सामाजिक कारणे आहेत, त्यांवर आपण सभा घेतो, आणि घ्याव्यातही. पण पोराला अटक झाली की पहिल्या आठवड्यात मोहल्ला काय करतो? त्याच्या बहिणीची सोयरीक मोडतो. आईच्या शेजारी बसणाऱ्या बायका जागा बदलतात. बाप जमाअतच्या बैठकीला येईनासा होतो, आणि त्याला बोलवायला कोणी जात नाही. अटकेनंतरचे पहिले दिवस, न्यायालयाच्या तारखेच्या आगेमागचे दिवस आणि घरून वाईट बातमी येते तो दिवस, हे कैद्यासाठी सर्वांत धोक्याचे असतात. नेमक्या त्याच दिवसांत आपण त्या घराकडे पाठ फिरवतो. मुलगी वा सून तुरुंगात असेल तर विचारायलाच नको. इंग्लंड आणि वेल्सच्या तुरुंगांतील मोठ्या पाहणीत दरवर्षी स्वतःला इजा करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण पाच-सहा टक्के, तर स्त्रियांचे वीस टक्क्यांहून अधिक आढळले. आपल्याकडे मुलाला भेटायला डबा घेऊन घर जाते. मुलीला भेटायला कोण जाते?

दारू प्यायल्याबद्दल ज्याला शिक्षा झाली होती, त्याला लोक शिव्याशाप देऊ लागले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना अडवले आणि आपल्या भावाविरुद्ध सैतानाचे मदतनीस होऊ नका, असे सांगितले. हे बुखारीत आहे. शिक्षा रद्द झाली नाही. गुन्ह्याने ज्याचे नुकसान झाले त्याचा हक्क कैद्याविषयीच्या दयेने कमी होत नाही. कैद्याला अन्न देणाऱ्यांची जी स्तुती सूरह दहरमध्ये आहे, ती उतरली तेव्हाचे कैदी तर रणांगणावरील शत्रू असत.

करता येण्याजोगे काय, ते थोडक्यात सांगतो, कारण ते अवघड नाही. कैदेत असलेल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. प्रथमच गुन्ह्यात सापडलेला आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढलेला कच्चा कैदी नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे जामिनास पात्र ठरतो. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही. मुलाखतीत कैदी उदास, गप्प दिसला, निरोपाची भाषा बोलू लागला, तर त्याला स्पष्ट विचारावे की जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मग त्याच दिवशी तुरुंग अधीक्षकांना आणि तेथील डॉक्टरांना लेखी कळवावे. घरच्यांनाही आधार लागतो. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

चाचींकडे मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. माफी मागितली. तुमच्या मुलाची नमाज कबूल करणारा अल्लाह आहे, आणि जखमी हाताने नमाजमध्ये काही उणे येत नाही, असे सांगितले. मग तुफैल (रजि.) यांच्या सोबत्याची हदीस सांगितली. चाची म्हणाल्या, "हे त्याला लिहून द्या मौलाना. मराठी शाळेत शिकलाय तो. मला नीट सांगायला येणार नाही." मी पत्र लिहिले. शेवटी त्यांनी आणखी दोन ओळी घालायला लावल्या, की शेळीला दोन करडे झाली आहेत आणि धाकटीची दहावीची परीक्षा चांगली चालली आहे.

मुलाखतीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेलो. आत जाण्याची परवानगी नातेवाइकांनाच होती, म्हणून मी फाटकाबाहेर झाडाखाली थांबलो. चाची बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या, पण त्यांचा चेहरा आधीसारखा नव्हता. तुरुंगातल्या डॉक्टरांनी त्याला तपासले होते आणि औषध सुरू केले होते. पत्र त्याला आधीच पोहोचले होते, आणि त्याने एकच गोष्ट विचारली होती. त्या माणसाचे नाव काय होते?

मी सांगितले की हदीसमध्ये त्याचे नाव आलेले नाही.

चाची थोडा वेळ चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. नाहीतर लोकांनी आजवर नावं ठेवली असती."

आम्ही बसथांब्यावर आलो. वकिलांनी पुढची तारीख एकोणीसची दिली होती, आणि जामीन राहण्यासाठी मोहल्ल्यातील दोघांशी त्याआधी बोलायचे होते.